डावीकडची रेघ

मखमलाबाद नाक्यावर एक टेम्पो आडवा आला म्हणून कुंदनने गाडी थांबवून पाय टेकला, सहज वर पाहिलं, आणि त्याला आपला अर्धा चेहरा दिसला. एक डोळा, अर्धं नाक, अर्धी मिशी आणि एक कान. बाकीचा कुंदन बोर्डाच्या डाव्या कडेवरून मागे वळला होता. तसा बोर्ड झकास होता. मधोमध आण्णा, म्हणजे त्याचे वडील सावळीराम, गुलाबी फेट्यात, गळ्यात हार, वर ठळक अक्षरात ‘पंच्याहत्तरीनिमित्त हार्दिक शुभेच्छा’, आणि खाली ओळीने अख्खं घर. धाकटा भाऊ महेश पूर्ण होता. महेशची बायको पूर्ण होती, नाकातल्या चमकीसकट. पोरंटोरं पूर्ण होती. वरच्या कोपऱ्यात, ढगांत, वारलेली आई पूर्ण होती. थोरला म्हणून ओळीतला पहिला मान ज्याचा, तो तेवढा अर्धा. टेम्पो निघून गेला, मागचा रिक्षावाला "काका, झोपले का?" म्हणाला आणि वळसा घालून गेला, तरी कुंदन उभाच. आठवडाभर इगतपुरीच्या पावसात एका दुकानदाराचे बोर्ड लावत फिरून तो आज सकाळी परतला होता. शुभांगी, त्याची बायको, दुकान उघडायला आधीच गेलेली. त्याने आंघोळ केली, कपाळाला गंध लावलं, आणि आता त्याच कपाळाचा अर्धा भाग त्याच्यासमोर लाकडी चौकटीवर घडी होऊन पडला होता. आधी राग आला नाही. आधी लाज वाटली, भर चौकात कुणी पायजम्याची नाडी ओढावी तशी, आणि त्याने डावीउजवीकडे पाहिलं, कोण बघतंय म्हणून. कुणीही बघत नव्हतं. टपरीवाला चहा गाळत होता.

फ्लेक्सच्या धंद्यात याला दुमड म्हणतात. कापड छापून आलं की ते चौकटीवर ताणतात, आणि चारी बाजूंनी पाच-पाच इंच मागे दुमडून खिळे ठोकतात. त्या पाच इंचांत जे असेल ते गेलं. म्हणून काम करणाऱ्याने पडद्यावर आधी चार रेघा ओढायच्या असतात, चारी कडांपासून पाच इंच आत. निळ्या, तुटक, बारीक रेघा. त्या छापून येत नाहीत, ठोकणाऱ्यासाठी पाच इंचांच्या खुणा मशीन कोपऱ्यांत आपोआप छापतं; पण त्यांच्या आत जे आहे ते जगाला दिसतं आणि बाहेर जे आहे ते भिंतीला दिसतं. कुंदन हे काम शिकला शहाण्णव साली, रविवार कारंज्याजवळ एका जिन्याखालच्या दुकानात, लग्नपत्रिकांवर. तिथले उस्ताद म्हणायचे, "कापणाऱ्याला डोळे नसतात रे. त्याला फक्त सुरी असते. डोळे तुझे." पहिल्याच हंगामात त्याने मार्जिन सोडलं नाही आणि एका घराच्या सगळ्या पत्रिकांवर ‘शुभविवाह’मधला शु कापला गेला. लोक ‘भविवाह’ वाटत फिरले. उस्तादांनी त्याला दुकानाबाहेर उभं करून येणाऱ्याजाणाऱ्याला ती पत्रिका वाचून दाखवायला लावली. तेव्हापासून रेघेच्या बाबतीत कुंदनचा हात कधी चुकला नाही. आणि म्हणूनच खाली उभं राहून त्याला एक गोष्ट लख्ख कळत होती. हा नवशिक्याचा घोटाळा नव्हे. बाकी सगळे जागच्या जागी आणि नेमका मीच बाहेर, असं आपोआप होत नसतं. असं करावं लागतं. कसं करतात ते त्याच्याइतकं नाशकात कुणाला ठाऊक नव्हतं.

गाडी कडेला लावून तो बोर्डाच्या मागे गेला. का गेला ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. मागे गटार होतं, गाजरगवत होतं, आणि कापडाच्या उलट्या बाजूवर दुमडून आलेल्या पट्टीत त्याचा उरलेला चेहरा होता, गालातून खिळा गेलेला. गटाराच्या काठावर चप्पल सांभाळत तो उभा राहिला आणि एकदम त्याच्या कानात आवाज आला, "मागच्या अंगाला घातलं रे मला." पाच वर्षांपूर्वीचा आवाज. पुतळाबाईचा. त्याने मान झटकली. तिचा इथे काय संबंध, असं तो मनाशी म्हणाला, पण चोराच्या मनात चांदणं, ते काय असं मान झटकून जातं होय?

पुतळाबाई त्याची आत्या. आण्णांची पाठची बहीण. नवऱ्याने पहिल्याच वर्षी टाकलं, ती मखमलाबादला भावाच्या मळ्यात परत आली. पुढे वहिनी मेली, दोन पोरं तिच्या पदरात पडली, आणि तिने ती वाढवली. तांबडं फुटायच्या आत झेंडू तोडायची, पाटी घेऊन फुलबाजारात बसायची, हार ओवायची, दुपारी येऊन भाकऱ्या थापायची. तिची बोटं बारा महिने पिवळी असायची. कुंदनला लहानपणी वाटायचं, आत्यांची बोटं पिवळीच असतात. तापात ती बोटं कपाळावर फिरायची तेव्हा झेंडूचा तो कडवट, उग्र वास यायचा आणि त्याला झोप लागायची. महेशच्या लग्नाच्या आधी आण्णांच्या मनात आलं की जमीन एकदाची आपल्या नावावर साफ करून घ्यावी. बहिणीने हक्कसोड द्यायची, भावाने लुगडं-चोळी करायची, हा आपल्याकडचा रिवाजच. पुतळाबाई नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, "देते की अंगठा. मला काय करायची जमीन. पन लग्नाच्या बोर्डावर माझा फोटू पायजे. फुलबाजारात बाया इचारत्या, सावळीरामाकडं कामाला हायेस का म्हनून. एकदा बोर्डावर दिसू दे सगळ्यांना, की ही घरची हाय." एवढंच मागणं. आण्णांनी तिच्यासमोर मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कुंदनच्या दुकानात येऊन बाकावर बसले. "फोटू टाक तिचा," ते म्हणाले. "पन दिसला नाय पायजे. पोरीकडची मानसं येनार. टाकलेली बाई कशाला बोर्डावर." कुंदन म्हणाला, "टाकायचा आणि दिसायला नको, असं कसं जमेल आण्णा?" आण्णा तंबाखू मळत म्हणाले, "मंग तू कारागीर कशाचा?"

खोटं कशाला बोला, त्या क्षणी कुंदनला आत्याची दया आली नाही. त्याला मजा वाटली. बापाने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामाला काम म्हटलं होतं. तो रात्रंदिवस ज्या रेघा जपायचा, त्यांतली डावीकडची रेघ त्याने माउसने धरली आणि हळूच बाहेर सरकवली, पार कडेपर्यंत, इंचभर राखून. दहा फुटांचा बोर्ड पंधरा इंची पडद्यावर बघायचा म्हणजे ते चार इंच तांदळाच्या दाण्याएवढे. तरी कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून त्याने त्या बाजूने वरपासून खालपर्यंत झेंडूची वेल सोडली, रेघ तिच्या पाकळ्यांत मिसळून गेली. मग आत्याचा फोटो लहान गोल करून रेघेच्या आत बसवला. खोट्या रेघेच्या आत. पुतळाबाई धुतलेलं लुगडं नेसून बघायला आली. "ही निळी रेघ दिसती का आत्या? हिच्या आतलं सगळं बोर्डावर दिसणार." तिने डोळे बारीक केले. "मी आत हाय ना?" "आतच आहे." तिने पडद्यावर बोट ठेवलं, आपल्याच तोंडावर, आणि काचेवर पिवळा ठिपका उमटला. झेंडूची वेल बघून तर ती हरखलीच, म्हणाली, "माझ्या बाजूनं सोडली व्हय रे फुलं?" तो हो म्हणाला. त्याच दुपारी तिने कचेरीत अंगठा दिला.

बोर्ड मांडवाच्या दारात लागला. पुतळाबाई ओळीने एकेक तोंड बघत गेली, उजवीकडून डावीकडे, शेवटपर्यंत गेली, परत आली, परत गेली. मग कुणाला काही न विचारता बोर्डाच्या मागे गेली, आणि तिथूनच म्हणाली, "मागच्या अंगाला घातलं रे मला." रडून नाही, ओरडून नाही, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं. आण्णांनी लगेच आकांडतांडव केलं. चौकटी ठोकणाऱ्या भिमाजीला हाक मारली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्याच्या थोबाडीत दिली. भिमाजी गाल धरून म्हणाला, "खुनंवरच मुडपलंय आण्णा. छापून आलेल्या खुना हायेत, बघा की." आण्णांनी कुंदनकडे पाहिलं. कुंदनने वाकून खुणा पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या, आणि म्हणाला, "चार बोटं जास्त घेतलीस तू, भिमाजी." त्यानंतर भिमाजीला त्याच्याकडे काम मिळालं नाही, दुसरीकडेही फार मिळालं नाही, कारण बोर्डवाल्यांत बोभाटा झाला की याच्या हाताला माप नाही. आणि आत्या लग्न उरकल्यावर सायखेड्याला मावसबहिणीकडे गेली ती परत आली नाही. दीड-दोन वर्षांनी गेली. तिच्या दहाव्याचा बोर्ड कुंदनने स्वतः केला. त्यावर ती एकटीच होती, मधोमध, चारी बाजूंना भरपूर जागा सोडून.

गटाराकाठून तो परत गाडीपाशी आला तेव्हा मात्र राग आला, आणि आला तो थेट शुभांगीचं नाव घेऊनच आला. दुसरं कोण? बोर्ड तिनेच केला होता. तो नसताना, त्याला न विचारता, ‘तुम्ही याल तेव्हा गंमत दाखवीन’ असं फोनवर म्हणून. त्याला ते फोनवरचं हसू आता वेगळंच ऐकू यायला लागलं. शुभांगी सातपूरची. बाप कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झालेला, घरात शिस्त, पोरगी बारावी. लग्न होऊन आली तेव्हा तिला माउस धरता येत नव्हता. कुंदनच्या पाठीमागे स्टूल टाकून बसायची आणि बघत राहायची. महिन्याभराने म्हणाली, "अहो, एक पत्रिका मी करू?" तेव्हा त्याला कौतुक वाटलं होतं. मग दुसरं मशीन आलं, दुसरी खुर्ची आली, आणि कानामागून आली नि तिखट झाली, असं कसं झालं ते कळलंच नाही. आता गिऱ्हाईक दारातून आत डोकावून विचारायचं, "वहिनी नाहीत का?" आणि नसली तर "येतो मग नंतर" म्हणून जायचं. ती खुर्ची शुभांगीचा जीव होता. सातपूरला माहेरी गेली तरी दुसऱ्या दिवशी परत यायची. म्हणायची, तिथे मला हातांचं काय करावं ते कळत नाही. तिला मूल नव्हतं. त्यावरून मखमलाबादला जे बोलणं व्हायचं ते ती ऐकून घ्यायची, दुकानात यायची, खुर्चीवर बसायची आणि बसली की तिचा चेहरा निवळायचा. हे सगळं कुंदन बघायचा आणि त्याला ते आवडायचं नाही. आपल्या घरात आपल्या बायकोला सुख होतं, आणि ते आपल्याकडून नव्हतं.

त्याने कारण शोधायला सुरुवात केली, आणि कारण शोधणाऱ्याला ते मिळतंच. दिवाळीच्या सुमाराला शुभांगीने एका सराफाचा मोठा बोर्ड केला होता, आणि खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘डिझाइन – शुभांगी’ असं लिहिलं होतं. तिने ते दाखवलंही नव्हतं, त्यालाच फाइल तपासताना दिसलं. त्याने तिच्यासमोर ते पुसून टाकलं. "दुमडीत जाणार ते. कशाला लिहायचं?" म्हणाला. ते दुमडीत जाणार नव्हतं, रेघेच्या चांगलं आत होतं, आणि ती रेघ वाचायला शिकली होती. ती उठून पाणी प्यायली आणि परत बसली. आता गाडी पंचवटी कारंज्याकडे वळवताना त्याला ते पाणी पिणं आठवलं. पाठमोरी उभी राहून प्यायली होती. अस्सं, तो मनात म्हणाला. सहा-सात महिने मनात ठेवलंस. दुमडीत जाणार म्हणालो ना मी, मग घे, जा तूच दुमडीत. त्याला तिच्या हुशारीचं क्षणभर कौतुकसुद्धा वाटलं. मग लगेच तिच्याबद्दल असा काही तिटकारा दाटून आला की गाडीच्या मुठी घामाने ओल्या झाल्या.

दुकानात शुभांगी तिच्या खुर्चीवर होती. तो दिसताच अर्धवट उठली. ओली वेणी, कपाळावर टिकली, आणि चेहऱ्यावर लहान पोरीसारखं, लपवायचं म्हणून न लपणारं हसू. "बघितला बोर्ड?" ती म्हणाली. "नाक्यावर लावायला सांगितला मुद्दाम. तुमच्या वाटेवर."

"बघितला."

"कसा झालाय? मी अजून लागलेला बघितला नाही. सकाळी आले तेव्हा लागला नव्हता, मग दुकान सोडून जाता आलं नाही ना."

काय नाटकी बाई आहे, त्याला वाटलं. माझ्याच तोंडावर विचारते. "फार छान झालाय," तो म्हणाला. "लोक उभं राहून बघताहेत."

"खरं? घरचाच बोर्ड म्हणून मी तुमची ती ‘घर’ नावाची फाइल घेतली. महेशभावजींच्या लग्नातली. ती झेंडूची वेल तशीच ठेवली, तुम्ही केलेली. आणि थोरले म्हणून तुम्हाला पहिलं घेतलं, भावजी म्हणत होते मी पहिला, मी म्हटलं नाही." ती भराभरा बोलत होती. तो ऐकत होता आणि ऐकत नव्हता. तेव्हा ऐकलं असतं, तर तिथेच त्याला कळलं असतं. पण त्याच्या डोक्यात खिळा ठोकलेला गाल होता. "शुभांगी," तो म्हणाला, "उद्यापासून दुकानात यायचं नाही."

तिला वाटलं, सुट्टी दिली. "का? तुम्ही दमून आलात, उलट मीच..."

"उद्या नाही आणि परवा नाही. तुझं इथलं झालं. घरात बस. जेव्हा बघावं तेव्हा खुर्चीला चिकटलेली. मूल ना बाळ, आणि मिजास बघा. नवऱ्याचं तोंड कापून चौकात टांगलंस ते टांगलंस, वर विचारतेस कसा झालाय?"

कापून म्हणजे काय, ते तिला कळेना. त्याने सांगितलं. एक डोळा, अर्धी मिशी, सगळं सांगितलं, आवाज न चढवता, कारण दारात पत्रिका घ्यायला आलेली एक बाई उभी होती. ती बाई ऐकत होती, आणि ती ऐकतेय म्हणून त्याला बोलायला जोर येत होता. "आम्ही शिकवलं, आणि आमच्यावरच प्रयोग. हिच्या हातात काम दिलं हीच चूक झाली बघा ताई," तो त्या बाईलाच म्हणाला. शुभांगीने पडद्याकडे बोट केलं. ती म्हणाली, "मी रेघेच्या आत ठेवला होता. मला चांगलं आठवतं. तुमचा कान रेघेला लागत होता, म्हणून मी पुन्हा बोटभर आत घेतला. फाइल उघडा ना. बघा तरी."

"मला फाइल बघायची गरज नाही. मी बोर्ड बघून आलो."

ती उभी राहिली, तिने खुर्ची आत ढकलली, कीबोर्डवर कापड घातलं. रोज संध्याकाळी घालायची तसंच, चारी कोपरे सारखे करून. मग पर्स घेतली आणि गेली. पत्रिकावाली बाई म्हणाली, "नंतर येते मी." कुंदन एकटा उरला. त्याला बरं वाटलं. मोकळं वाटलं. त्याने चहा मागवून घेतला आणि तो पिता पिता, केवळ सुखासाठी, बायकोचा गुन्हा एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून, तिच्या मशीनवर बसून फाइल उघडली.

पडद्यावर आण्णा फेट्यात हसत आले. खाली ओळ आली. पहिला कुंदन, अख्खा, दोन्ही कानांसकट. आणि त्याच्या कानापासून बोटभर बाहेर, झेंडूच्या पाकळ्यांत मिसळलेली, निळी तुटक रेघ. तो रेघेच्या आत होता. तिने म्हटलं होतं तस्साच आत होता. आधी त्याला काही कळेना. मग त्याने उजवीकडची रेघ पाहिली, ती कडेपासून पाच इंच. वरची पाच, खालची पाच. डावीकडची एक. त्याचा चहा हातातच राहिला. ही रेघ तिने सरकवलेली नव्हती. ही तिथेच होती, त्या लग्नापासून. त्या दिवशी घाईत फाइल तशीच सेव्ह केली होती, आणि अख्ख्या घराचा बोर्ड पुन्हा कधी करायची वेळ आली नाही, म्हणून ती कुणी उघडली नाही. रेघ तिथे नुसती थांबून राहिली होती. आत्याला बसवलं होतं त्याच जागी बायकोने त्याला नेऊन बसवलं होतं. पहिला मान म्हणून. नाकात झेंडूचा वास आला, खरोखरच आला. त्याने पडद्याच्या काचेकडे पाहिलं, पिवळा ठिपका आहे का म्हणून. मॉनिटर नवा होता, त्यावर ठिपका कुठून असणार. खाली उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं होती. त्याने मोठी करून वाचली. ‘डिझाइन – कुंदन’.

तो उठला, दारापर्यंत गेला. ती फार लांब गेली नसेल, बसथांब्यावर असेल, हाक मारता येईल, असं त्याला वाटलं. मग तो हाक मारल्यावर काय सांगायचं ते जुळवायला लागला. तुझं चुकलं नाही, रेघच चुकीची होती. रेघ कशी चुकीची? ती विचारणारच. रेघ वाचता येणारी बाई आहे. कुणी सरकवली? का सरकवली? मग वेल का सोडली? म्हणजे आत्यांना तुम्ही... म्हणजे भिमाजीला त्या दिवशी... एकेक प्रश्न त्याला तिच्या आवाजात ऐकू येत गेला. आणि मग तिचे डोळे, सगळं कळल्यानंतरचे. आत्या बोर्डामागून बाहेर आली तेव्हा तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं होतं. त्याला तिने कधीच काही विचारलं नाही. ते न विचारणं त्याने पाच वर्षं कसंबसं निभावलं होतं. आता विचारणारी घरात, ताटासमोर, अंथरुणात असणार, रोज. नाही, तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. दारातून परत आला, खुर्चीवर बसला, डावीकडची रेघ माउसने धरली आणि आत सरकवायला लागला. वेलीतून बाहेर आली. कान ओलांडला. गाल ओलांडला. पाच इंचांवर आली तेव्हा ती बरोबर त्याच्या नाकावरून जात होती. त्याने फाइल सेव्ह केली. अगदी बरोबर मापाची, उस्तादांनी शाबासकी दिली असती अशी रेघ. इतक्या वर्षांनी ती जागेवर आली, आणि ती जागेवर आल्याबरोबर शुभांगी गुन्हेगार झाली.

दुपारी ती आली. डबा घेऊन आली होती. डोळे सुजलेले, पण पदर नीट, टिकली नव्याने लावलेली. डबा बाकावर ठेवून म्हणाली, "मी नाक्यावर जाऊन बघून आले. तुमचं खरंय. पण मी तसं केलं नाही हो. मला एकदा फाइल बघू द्या. मग नाही म्हणालात तर नाही येणार."

कुंदनने मॉनिटर तिच्याकडे वळवला.

ती वाकली. तिचं बोट पडद्याकडे गेलं, रेघेवर थांबलं, रेघेबरोबर वरून खाली आलं, त्याच्या नाकावर आलं. तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मग उजवीकडची रेघ पाहिली, वरची, खालची, सगळ्या सारख्या. "कानाच्या बाहेर होती," ती म्हणाली. "वेलीच्या कडेला होती. मी बघितली होती."

"बघ ना मग," कुंदन म्हणाला. आवाज शक्य तितका मऊ ठेवला होता. "रेघ काय चालत येते?"

"नाही."

"मी काय मुद्दाम बोलतो का?"

"नाही हो." ती तशीच वाकलेली राहिली. तिच्या तोंडावर वाफ यावी तसा घाम आला होता. "मग मला काय दिसलं?" ती म्हणाली, आणि हे तिने त्याला विचारलं नव्हतं. मग सरळ उभी राहून ती म्हणाली, "माझंच चुकलं. मी तुम्हाला खोटं पाडलं, त्या बाईंसमोर. मला वाटलं मला दिसतं बरोबर."

कुंदनच्या छातीवरचं ओझं उतरलं, इतकं सरळ उतरलं की त्याला तिच्याबद्दल खरोखर माया दाटून आली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे," तो म्हणाला. "होतं असं. थकवा असतो. रागाच्या भरात मीही बोललो. बस, बस खुर्चीवर. उद्यापासून ये नेहमीसारखी."

शुभांगीने खुर्चीकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली. "आज तुमचं झालं, घरातलं झालं. उद्या कुणा परक्याचं झालं तर? मला कळणारसुद्धा नाही." तिने बाकावर पेपर पसरला, डबा उघडला, त्याला भाकरी वाढली, वांग्याचं भरीत वाढलं, कांदा फोडून दिला. तो जेवला. भूक सपाटून लागली होती. तो हात धूत होता तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं, नेहमीचं, मेरी वसाहतीच्या बाजूचं, हातात पोराच्या बारशाचे फोटो. "वहिनी," तो माणूस म्हणाला, "तुमच्याच हातचा पाहिजे बरं का बोर्ड. आणि आजीला कडेला नका घालू, मागच्या वेळी दुसऱ्या दुकानात बिचारी कापली गेली."

शुभांगी डब्याची झाकणं लावत होती. तिने मान वर केली नाही. "मला नाही त्यातलं कळत," ती म्हणाली. "यांना विचारा."

कुंदनने हात पुसले, तिची खुर्ची पुढे ओढून घेतली आणि बसत गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला. किती बाय किती?"